गच्चीचा दक्षिणेकडचा कोपरा

भाईंदरच्या इंद्रलोक भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, दक्षिणेच्या कोपऱ्यात माझ्या सासूबाई बोंबील वाळवतात. जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यात वाढलेल्या त्या. विकतचे सुके बोंबील त्यांना खपत नाहीत. दोन खांबांना दोरी बांधायची आणि जबड्यात जबडा अडकवून जोड्या टांगायच्या. वरच्या मजल्यावरच्या गुजराती काकी दर थंडीत वासाची लेखी तक्रार करतात. सासूबाई तो कागद माझ्याकडून वाचून घेतात, "अक्षर चांगलं हाय" म्हणतात आणि पुन्हा गच्चीवर जातात. दोघींचं वर्षानुवर्षं असं छान चाललं होतं.

गेल्या वर्षी घरगुती विजेच्या नव्या कायद्याचा मसुदा आला. छतावर सोलर बसवणाऱ्या सोसायट्यांना घरपट्टीत सवलत मिळणार, असं त्यात होतं. नुसता मसुदा, पण आमच्या सेक्रेटरींना तेवढा पुरला. आठवड्याभरात अख्ख्या गच्चीचा नकाशा नोटीस बोर्डावर लागला. दक्षिणेच्या कोपऱ्यातही पॅनेल दाखवलं होतं. खाली ओळ होती, 'हरकती लेखी द्याव्यात.'

असल्या ओळी आमच्याकडे कुणी मनावर घेत नाही. सासूबाईंनी घेतली. "त्यांनी इचारलंय नं? मंग सांगाया नको?" त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. सोलर खुशाल बसवा, फक्त माझा कोपरा सोडा, एवढंच म्हणणं. मला मात्र लाज वाटत होती. बोंबलांसाठी हरकत! लोक हसतील म्हणून तो अर्ज मी दोन दिवस पर्समध्येच ठेवला, हे त्यांना अजून माहीत नाही.

सभेत अर्ज वाचला गेला आणि लोक हसलेच. "अनुमोदन कोण देतंय?" सेक्रेटरींनी विचारलं. अनुमोदक नसला की सूचना तिथेच बाद, ही आमची पद्धत. कुणी हलेना. सासूबाई पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या, पण हातातला रुमाल पिळत होत्या. फ्लॅट त्यांच्या नावावर, त्यामुळे माझ्या हाताला तिथे किंमत नव्हती. मला रडूच यायला लागलं.

मागून गुजराती काकींचा आवाज आला, "मेरा अनुमोदन लिखो."

"काकी, आप तो हर साल कंप्लेंट करती हो!" सेक्रेटरींनी आठवण करून दिली.

"इस साल भी करूँगी. कोना ही नहीं रहेगा, तो किसकी करूँ?"

पॅनेलं बसली, कोपरा मोकळा राहिला. कायदा अजून मसुदाच आहे.

यंदाच्या थंडीत सासूबाईंचा गुडघा धरला, त्यांना जिना चढवेना. बोंबील मीच टांगून आले आणि कामाच्या गडबडीत राखण करायची विसरले. दुपारी धावत वर गेले, तर काकी दोरीपाशी उभ्या. एका हाताने नाकावर पदर दाबलेला, दुसऱ्या हातात काठी, आणि कावळे हाकलणं चाललेलं.

मला बघून म्हणाल्या, "बेन को बोल, कंप्लेंट कल दूँगी. आज लिखने का टाइम नहीं मिला."