राणी कोणत्या फ्लॅटमध्ये मेली?

पडदा वर जातो, तेव्हा समोर राजवाड्याचा दरबार. छताला सोनेरी वेलबुट्टी, खाली सिमेंटच्या गोण्या आणि मधोमध नव्या विटांची भिंत. भिंतीच्या अलीकडे एकाचा दिवाणखाना, पलीकडे दुसऱ्याचं स्वयंपाकघर. उजवीकडून राजेंचा प्रवेश. अंगात लांब कोट, पायांत चकचकीत बूट, हातात काठी आणि मागे फ्लॅट बघायला आलेलं एक कुटुंब.

राजे हे काही खरे राजे नव्हेत. राजवाडा बघायला येणाऱ्यांना तो फिरवून दाखवणारे गाईड. उभा जन्म त्यात गेला. पुढे राजघराण्याने ती वास्तू बिल्डरला विकली, तिचे फ्लॅट होऊ लागले आणि ते दाखवायला बोलका माणूस हवा म्हणून राजेंनाच ठेवून घेतलं गेलं. पागेला लागून असलेल्या एका खोलीत ते आणि त्यांची बायको लग्नापासून राहत होती. नकाशात त्या खोलीचाही एक छोटा फ्लॅट झाला होता. तो विकला गेला की बिऱ्हाड उचलून मेहुण्याकडे. आणि मेहुण्याकडे टीव्हीसुद्धा विचारून लावावा लागे.

राजेंच्या अंगात कला एकच, माणसं मारायची. छताची नक्षी दाखवली की लोक जांभया देतात, पण ‘याच खिडकीत राणीने विषाचा प्याला ओठांना लावला’ म्हटलं की श्वास रोखतात, हे त्यांना फार लवकर कळलं होतं. वास्तविक राणी म्हातारपणी लेकीच्या घरी झोपेत गेली होती. पण राजेंनी एकेक दालन बघून एकेक मरण बेतलं होतं. राणी शयनगृहात, सेनापती जिन्यात, बासरीवाला गच्चीवरून खाली.

पहिलंच गिऱ्हाईक आलं. बाई कपाटासाठी भिंतीचं माप घेत होत्या. राजे सवयीने खिडकीशी थांबले, आवाज खाली आणला आणि राणीला मारून मोकळे झाले. बाईंनी टेप गुंडाळला, नवऱ्याला खूण केली आणि चालू लागल्या.

विक्री बघणाऱ्या मॅडमनी राजेंना ऑफिसात बोलावून घेतलं.

“राजे, फ्लॅटमध्ये कुणी मेलेलं चालणार नाही.”

“मग कुठे मेलेलं चालेल?” राजेंनी अगदी मनापासून विचारलं.

त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. काही दिवस निव्वळ फरशा, नळ आणि हवा-उजेड यांवर बोलले. बोलताना त्यांचा चेहरा असा पडायचा, की गिऱ्हाइकांना वाटायचं, नळातच काहीतरी खोट आहे. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. समोर असेल तो फ्लॅट निर्मळ ठेवायचा आणि राणीला शेजारच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये हलवायचं. “इथे नव्हे, पलीकडे बरं का,” असं म्हटलं की गिऱ्हाईक सुखावे. संकट शेजाऱ्याच्या घरी असलं की आपलं घर जरा जास्तच आवडतं. फ्लॅट विकले जाऊ लागले, तसे मॅडमनी कानाडोळा केला. भाडेकरूंनी खोल्या बदलाव्यात तशी राणी, सेनापती आणि बासरीवाला बोचकी उचलून पुढे पुढे सरकत राहिले.

होता होता सगळं खपलं. उरली ती पागेजवळची खोली.

ती बघायला एक नवपरिणीत जोडपं आलं. राजेंनी मनाशी ठरवलं होतं, आज तोंडातून ब्र काढायचा नाही. आपलंच घर आहे म्हणून खोटेपणा केला, असं कुणी म्हणायला नको. त्यांनी खिडकी दाखवली, शेगडीची जागा दाखवली. तेवढ्यात नवरी म्हणाली, “काका, इथले लोक सांगतात त्या राणीचं पुढे काय झालं हो?”

राजेंनी दाराबाहेर बघितलं. जिकडेतिकडे दुसऱ्यांच्या नावाच्या पाट्या. बिचारी राणी जाणार कुठे? त्यांनी काठी जमिनीवर टेकली आणि असा काही आवाज लावला, की त्या एवढ्याशा खोलीत राणी, बासरीवाला, सेनापती तिघंही एकामागून एक मेली. सेनापती तर शेगडीपाशीच कोसळला. जोडपं चपला हातात घेऊनच निघालं.

मॅडम भडकल्या. पण बातमी फुटली ती फुटलीच, त्या खोलीकडे कुणी फिरकेना. शेवटी बिल्डरच म्हणाला, नाहीतरी इमारतीला रखवालदार लागणारच आहे, राहू द्या म्हाताऱ्याला तिथेच.

राजे जवळजवळ पळतच घरी आले. बघतात तो बायको ट्रंक भरून बसलेली. इतकी वर्षं तिने नवऱ्याचं काम कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मोरीच्या पडद्याआडून पहिल्यांदाच ऐकलं होतं. खोली आपल्याला मिळाली हे ऐकूनही ती हलेना.

“अहो, शेगडीपाशी सेनापती, पलंगावर राणी. मी रांधू कुठे नि निजू कुठे? मी आपली भावाकडे जाते.”

एवढी मोठी दाद राजेंना आयुष्यात कुणी दिली नव्हती. ते ट्रंकेवर तिच्या शेजारी टेकले, काठी बाजूला ठेवली आणि म्हणाले, “अगं, घाबरतेस कसली? सगळी मीच मारलेली माणसं आहेत. मला बघितलं की तीच पळतील.”