दुसऱ्या फेरीतला राखीव कीपर

दुबईतल्या अल बर्शात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या, आमच्या क्रिकेट टीमच्या कप्तानांनी आयुष्यात कुठलीही वस्तू एकटी म्हणून ठेवली नाही. लिफ्ट दुरुस्तीच्या एका कंपनीत सुट्या भागांचं स्टोअर सांभाळता सांभाळता 'एक जादा असू दे' हा त्यांचा धर्मच होऊन बसला होता. वर्षाकाठी जिथे चार थेंब पडतात, तिथे त्यांच्या गाडीत दोन छत्र्या. शारजाहून येणारे गुरुजी ट्रॅफिकमध्ये अडकतील म्हणून सत्यनारायणाला त्यांनी दोन गुरुजी सांगितले, आणि दोघेही वेळेवर हजर झाले! एकांनी पूजा सांगितली, दुसरे सोवळं नेसून सोफ्यावर बसले आणि पहिल्यांच्या चुका काढत राहिले. वहिनींनी कपाळाला हात लावला. कप्तान मात्र प्रसाद वाटताना खुशीत म्हणत होते, "सेफ साइड हो!"

आमच्या शुक्रवारच्या क्रिकेटसाठी सीझनच्या आधी सहा कप्तान चिठ्ठ्या टाकून आळीपाळीने खेळाडू निवडत. पहिल्या फेरीत आमच्या कप्तानांनी सगळ्यात चांगला विकेटकीपर घेतला, इथवर ठीक होतं. दुसऱ्या फेरीत चांगले बोलर शिल्लक असताना त्यांनी मला घेतलं, राखीव विकेटकीपर म्हणून. एकच हशा पिकला. मला तर शेवटच्या फेरीतही कुणी विचारलं नसतं, त्यामुळे सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो.

"कीपरला काय धाड भरणार आहे?" कुणीतरी विचारलं.

"इन्शाल्ला, काही नाही. पण भरली तर ऐनवेळी मार्केटमध्ये मिळत नाही."

पहिले सात सामने मी बाउंड्रीबाहेर बसून संत्री सोलली. आमच्या बोलिंगची दर शुक्रवारी धुलाई व्हायची आणि अख्खी टीम माझ्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघायची.

मग मंदी आली. आमचा पहिला कीपर बांधकाम कंपनीत होता. सोमवारी त्याला पत्र मिळालं, गुरुवारी तो मुंबईच्या विमानात. शुक्रवारी मी स्टंपमागे उभा राहिलो, आणि बरा खेळलो की! कप्तानांची कॉलर ताठ झाली. पण महिन्याभरात तसंच पत्र माझ्याही हातात पडलं. व्हिसा रद्द झाल्यावर तीस दिवसांत नवी नोकरी, नाहीतर गाशा गुंडाळायचा, आणि मुलीची दहावीची परीक्षा तोंडावर आलेली. "दुसरा कीपर बघा," असं मी कप्तानांना सांगितलं. ते लगेच सगळ्या टीमच्या याद्या चाळायला लागले, तेव्हा मला रागच आला.

पुढच्या शुक्रवारी त्यांनी मला दंडाला धरून समोरच्या टीमच्या कप्तानापुढे उभं केलं. तो उम्म अल कुवैनच्या एका कारखान्यात मॅनेजर होता आणि त्याचाही कीपर मंदीत गेला होता.

"हा माझा कीपर घेऊन जा. पण आधी त्याला कामावर घे. परचेसमध्ये दहा वर्षं काढलीत त्याने."

"हबीबी, सेमीफायनल आलीय. तुमच्याकडे कोण?"

"मी आहे ना!"

त्यांच्या खिशातून माझा सीव्ही निघाला, अर्थात दोन प्रती. दोन इंटरव्ह्यू झाले आणि मला नोकरी मिळाली.

सेमीफायनल मी त्यांच्याविरुद्धच खेळलो. पन्नाशीचे, पोट सुटलेले कप्तान स्टंपमागे वाकले की सरळ होईपर्यंत बॉल बाउंड्रीपार. ते हरले. सुजलेलं बोट दुसऱ्या हातात धरून ते माझ्याकडे आले. मी सॉरी म्हणणार, तोच त्यांनी विचारलं, "व्हिसा स्टॅम्प झाला?"

"झाला."

"मग खलास, झालं काम!" म्हणाले, आणि तिथेच वाळूत बसले.

आता ते कायमचे सांगलीला गेलेत. माझी मुलगी इथेच शिकली, इथेच नोकरीला लागली. सकाळी देवापुढे हात जोडले की मला आधी त्यांचं ते सुजलेलं बोट दिसतं. त्या दिवशी आभार मानायचे राहूनच गेले.