आईचं प्रभुभोजन

"मावशी, हे जेवण नाही. तुमचं जेवण मागे हॉलमध्ये आहे."

एवढंच बोलल्या कठड्याशी रांग लावणाऱ्या चर्चच्या त्या बाई. हळू आवाजात, हसून. आई वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायला वाकली होती, दोन्ही हात पुढे केलेले. शेजारी चर्चचे लोक प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायला टेकलेले. महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजन त्याच दिवशी असतं. सगळे बघत होते. आणि मी, तिची सख्खी लेक, मी काय केलं? आईचा दंड धरला आणि तिला मागे ओढलं.

का ओढलं ते सांगते. आम्ही मायलेकी नगरकडच्या. पुण्याला खराडीत काचेच्या बिल्डिंगा उठत होत्या, त्यातल्या एकीत मी हाऊसकीपिंगला. फरशी पुसायची, कॉम्प्युटरवाल्या पोरापोरींचे कॉफीचे मग विसळायचे. जवळच आमची पत्र्याची खोली होती. रस्ता रुंद करायचा म्हणून ती अख्खी ओळच पाडली. आई दम्याची. तिला घेऊन फुटपाथवर आले. तेव्हा चार चर्चनी मिळून ठरवलं होतं, बेघरांना आळीपाळीने एकेक आठवडा आपापल्या हॉलमध्ये ठेवायचं. शनिवारी टेम्पोत वळकट्या टाकायच्या, पुढच्या चर्चला उतरायचं. खोटं कशाला बोलू? छप्पर दिलं, गरम वरणभात दिला, आईला औषध दिलं. पहिल्या तीन चर्चमधले लोक तर आमच्याच पंगतीला बसायचे. चौथं चर्च मोठं. तिथे आमच्या गळ्यात पिवळी कार्डं घातली, 'निवारा पाहुणे' लिहिलेली. पाहुणे म्हणे! पाहुण्याला कोणी मागच्या दाराने आणतं का?

आई जन्माची ख्रिस्ती. गावच्या चर्चच्या पाळकांनी दिलेलं मंडळीचं, म्हणजे सभासद असल्याचं पत्र तिने प्लास्टिकच्या पिशवीत जपलं होतं. पुण्याला आल्यापासून मला रविवारची सुट्टी नाही, तिला एकटीला बसने जाण्याइतका दम नाही. प्रभुभोजन राहिलं ते राहिलंच. "येकदा घिऊ दे, मग कवाबी बोलवू दे देवानं," म्हणायची. त्या रविवारी मी खाडा केला. आईने धुतलेलं लुगडं घडी करून उशाखाली दाबलं होतं, ते नेसली. कार्ड गळ्यातच ठेवलं. काढू नका असं सांगितलेलं, आणि ती सांगितलेलं ऐकणारी बाई.

त्या बाईंना कार्ड दिसलं, आई दिसली नाही. मला सगळं कळत होतं. पण तोंड उघडलं आणि शनिवारी टेम्पोत आमचीच वळकटी चढवली नाही तर? आई हॉलमध्ये ताटापुढे बसून राहिली. "पत्र दाखवाया पायजे व्हतं गं," एवढंच म्हणाली. स्वतःचीच चूक काढली तिने. माझं काळीज फाटलं, तरी मी वरण वाढून घेतलं.

अठरा दिवसांनी आई सरकारी दवाखान्यात वारली. पुढचा पहिला रविवार तिला मिळाला नाही.

नंतर चारी चर्चची मिळून आभाराची उपासना झाली, त्याच मोठ्या चर्चमध्ये. मला पुढे बोलावलं. निवाऱ्याने काय दिलं त्याची साक्ष द्या म्हणाले. त्या बाई पहिल्या बाकावर होत्या. मी गळ्यातलं कार्ड काढून कठड्यावर ठेवलं आणि पिशवीतलं पत्र वाचलं. सदर भगिनी या मंडळीच्या पूर्ण सभासद असून प्रभुभोजनास पात्र आहेत, असं त्यात होतं. मग मी म्हणाले, "ही माझी आई. तुम्ही हिला इथून उठवलं, आणि मी उठवू दिलं. आभार मी मानणार नाही."

बाई रडल्या. रडू देत. पाळकसाहेब माझ्यासाठी प्रभुभोजनाची भाकर घेऊन आले. मी घेतली नाही. ती आईची होती.

आता बिबवेवाडीत माझी खोली आहे. निवारा अजून चालतो, चालायलाच हवा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी कामावर खाडा करते, निवारा ज्या चर्चमध्ये असेल तिथल्या मागच्या हॉलमध्ये जाते आणि विचारते, कोणाला पुढे यायचंय? जे येतात त्यांना, गळ्यात कार्ड असेल तर कार्डासकट, नेते, सगळ्यात पुढे. स्वतः गुडघे टेकत नाही. त्यांच्यामागे उभी राहते. ज्याला अडवायचंय त्याने आधी मला अडवावं. या हाताने मी आता कोणालाही मागे ओढणार नाही.