निर्माल्याचं गाठोडं

ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं त्या वर्षी माझं आणि वणीच्या देवीचं बोलणं बंद होतं. पूजा करायचे, पण तोंड फुगवून. इतकी वर्षं गड चढले, त्याचं हेच फळ का, असं सारखं मनात यायचं. आमच्या नाशिकला निर्माल्य गंगेत सोडतात; गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. त्या उन्हाळ्यात पात्र आटलेलं, म्हणून महिनाभराची वाळकी फुलं मी जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून ठेवली होती.

डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं तसा ह्यांनी हट्ट धरला, कोकणात जाऊन डॉल्फिन बघायचे. जन्मात समुद्र न पाहिलेला माणूस, नाही कशी म्हणणार? गाठोडंही बरोबर घेतलं. एवढं पाणी आहे, तिथंच सोडून मोकळी होऊ, म्हटलं.

त्या दिवशी वारा सुटलेला. बोटवाला कां-कूं करत होता, ह्यांनीच गळ घातली. तासभर फिरलो, डॉल्फिन एक नाही. परत वळताना मी कुणाला न विचारता गाठोडं पाण्यात टाकलं. बोट त्यावरूनच गेली आणि इंजिन खडखडून बंद पडलं.

"काकी, काय टाकलंत?" बोटवाला ओरडला. फडकं इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्याला गुंडाळलं गेलं होतं. तो वाकून सुरी चालवायचा, लाट त्याला मागं ढकलायची. वारा आम्हाला खडकांकडे नेत होता. हे छाती धरून बसले, ओठ पांढरे पडलेले. दवाखान्यातून वाचवून आणलेल्या माणसाला मीच मारलं, असं वाटलं. "आई, चुकले. तू म्हणशील तसं. पण ह्यांना सांभाळ," एवढंच तोंडातून आलं.

शेजारी पाण्यात फुस्स झालं. काळी पाठ वर आली, मग दुसरी, मग पाच-सहा. "अगं, आले बघ!" हे लहान पोरासारखे हसले. लांबून एक बोट किनाऱ्याकडे परतत होती. डॉल्फिन बघायला ती वळली, तेव्हा कुठे त्यांना आम्ही दिसलो. त्यांनी दोर टाकला. किनाऱ्याच्या वाळूत पाय टेकले आणि मी तिथंच बसून पोटभर रडले.

डॉल्फिन मासळीमागे आले असतील, मी वाद घालत नाही. पण त्या नवरात्रात गड चढले आणि पहिल्यांदाच काही मागितलं नाही. निर्माल्य आता तुळशीच्या बुंध्याशी मोकळं घालते.

हे अजून भेटेल त्याला डॉल्फिनची गोष्ट सांगतात. इंजिन कशामुळे बंद पडलं, ते मात्र ह्यांनी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.