जमनीचा शेवटचा सीन

दिग्रसजवळच्या तांड्यावर जमनीच्या काठीला सगळेच वचकून असत. साठीला टेकलेली बाई, पण सोयाबीनात रानडुकरांचा कळप शिरला की एकटीच धावून जायची. तिचा पुतण्या इंद्रजीत दिग्रसला लग्नाचे व्हिडिओ काढायचा. त्यानं एकदा तिला असंच शेताच्या धुऱ्यावरून धावताना पाहिलं आणि तिथंच ठरवलं, आपल्या पिक्चरची हिरो हीच.

पिक्चर म्हणजे तरी काय? मागून आणलेला कॅमेरा, ओळखीपाळखीचे नट आणि डबे घरचे. गोष्ट अशी, की बोगस बियाणं विकणाऱ्याला कोणी हात लावत नाही, म्हणून एक म्हातारी स्वतःच काठी घेऊन त्याच्या मागं लागते. पहिल्याच दिवशी जमनीनं तीन गुंड असे लोळवले, की त्यातला एक खराखुरा बोंबलला, "काकी, हळू मार ना व!"

संध्याकाळी इंद्रजीतनं तिला ते कॅमेऱ्यात दाखवलं. आरसे लावलेली कांचळी-चोळी चमकवत, काठी फिरवत एक बाई थेट अंगावर चालून येत होती. जमनीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"हे मी होय?"

"तूच होय काकी."

"बाप्पा! एवढी उंच?"

तिनं ते आणखी तीनदा पाहिलं. घरी जाताना चालही बदलली होती बाईची.

घोटाळा झाला तो शेवटच्या दिवशी. बियाणंवाला झालेला गोपाल लिंबाला बांधलेला. समोर खाटेवर तांड्याचा नायक, म्हणजे मुखिया. तो म्हणणार, "सोड त्याले, निवाडा तांडा करन." त्यावर जमनीनं नायकाच्या डोळ्यात डोळे घालून जाब विचारायचा. नायकाचं काम इंद्रजीतनं आपल्या बापाला, रामलालला दिलं होतं. तांड्याचा खराच नायक घरात असताना दुसरा शोधायचा कशाला?

आता पोराच्या डोक्यात एवढंच शिरलं नव्हतं, की रामलाल हा जमनीचा थोरला दीर. बंजाऱ्याच्या घरात थोरल्या दिरासमोर सून तोंड उघडं टाकत नाही, बोलणं तर सोडाच. चाळीस वर्षं रामलाल अंगणात आला की जमनी आत जायची. इतकी गुपचूप जायची, की ती त्याच्याशी कधीच बोललेली नाही हेही सगळे विसरून गेले होते.

"ॲक्शन," इंद्रजीत म्हणाला. जमनीनं घुंगट हनुवटीपर्यंत ओढला आणि पाठ फिरवली.

"काकी, काय करून राह्यली? बोल ना! कॅमेरा आज वापस द्याचा हाय."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. खाटेवरून रामलालनं मिशीवर हात फिरवला आणि पोराला म्हणाला, "राहू दे रे. नसन जमत तं दुसरी बाई पाह्य."

दुसरी बाई! कॅमेऱ्यातली ती उंच बाई हातची चालली होती. आणि हे 'राहू दे' जमनीनं आधीही ऐकलं होतं, याच तोंडून, याच सुरात. नवरा वारला त्या वर्षी पोरगी पुष्पा सातवीत होती. घरात तांड्याची माणसं बसली आणि रामलाल म्हणाला, राहू दे तिची शाळा. जमनी दाराआड उभी होती. ओठ चावून रक्त आलं, पण शब्द फुटला नव्हता.

ती वळली. घुंगट दोन्ही हातांनी मागं टाकला आणि खाटेसमोर जाऊन उभी राहिली.

"निवाडा तांडा करन?" आवाज असा खणखणीत निघाला, की लिंबाला बांधलेला गोपालही दचकला. "माह्या पुष्पीची शाळा बंद केली, तो निवाडाबी तुम्हीच केलता. मी दाराआड उभी होती. मले कोणं इचारलं होतं?"

हे कागदावर कुठंच नव्हतं. इंद्रजीतच्या तोंडाचा आ झाला, पण कॅमेऱ्यावरचा हात त्यानं हलू दिला नाही. पाहायला जमलेल्या बायांनी पदर तोंडाला लावले. कोणी हसलं नाही. देव अंगात आलेल्या बाईकडं पाहावं तसं सगळे जमनीकडं पाहत होते. ती मात्र पुरती भानावर होती.

रामलालनं उभ्या जन्मात कधी न ऐकलेला तो आवाज ऐकला. मिशीकडं गेलेला हात खाली आला.

"कोणंच नाही," तो शेवटी म्हणाला. "इचाराले पाह्यजे होतं."

जमनी तशीच उघड्या तोंडानं उभी राहिली, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिच्यासमोर रामलालनं नजर खाली घातली.