वीडा पर्विसची साक्ष

शाळेचं स्वयंपाकघर वीडा पर्विसच्या हाती होतं. माझा वर्ग त्याच्या समोरच, त्यामुळे सकाळच्या पहिल्या तासाला माझ्या मुलांना व्याकरणाआधी तिच्या बिस्किटांचा वास यायचा. मुलं तिला मिस वीडा म्हणत, आणि गावातली मोठी माणसंही तसंच म्हणत. उंच, हाडापेराने मोठी, एप्रन नेहमी कडक इस्त्रीचा. ताटात वाढताना कुठल्या मुलाला घरी सकाळी खायला मिळालेलं नाही हे तिला बरोबर कळायचं आणि त्याला ती न बोलता दोनदा वाढायची.

तिला एक खोड होती. दुसऱ्याचं कौतुक तिला सरळ गिळता येत नसे. कुणाचा केक चांगला झाला की म्हणायची, “हो, छानच झालाय. ताज्या अंड्यांनी कुणाचाही होतो.” कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की, “हो, मुलगा चांगला आहे. त्याच्या वडिलांचे केसही लवकरच गेले होते.” आमच्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या डीकनची बायको क्लायटी तिला तोंडावर म्हणायची, “वीडा, तू स्वर्गात गेलीस ना, तर शेजारणीचा मुकुट आधी हातात घेऊन वजन करून बघशील.” वीडा हसायची. तिलाही ते ठाऊक होतं.

फक्त एका माणसाबद्दल तिने कधी ‘हो, पण’ म्हटलं नाही. धाकटी बहीण मोझेल. मोझेलचं नाव निघालं की वीडा लगेच म्हणायची, “आमची मोझेल सोन्यासारखी आहे.” मला ते प्रेम वाटायचं. तेही होतंच.

पुढची हकिगत तिने मला फार उशिरा, सगळं होऊन गेल्यावर सांगितली, माझ्या पडवीत ओली चवळी सोलताना.

दोघी बहिणी टर्की क्रीक नावाच्या ओढ्याजवळच्या शेतावर वाढल्या. आई लवकर गेली आणि घर वीडावर पडलं. मोझेलच्या वेण्या तिने घातल्या, कपडे तिने शिवले. बाबा मात्र संध्याकाळी दारात आले की हाक मोझेलला मारायचे. बर्ल स्ट्रिकलंड त्यांच्याकडे तंबाखूच्या हंगामात कामाला आला, तेव्हा पहिल्यांदा त्याने वीडालाच विचारलं होतं, भजनांच्या मेळ्याला येतेस का म्हणून. ती गेली. निळा फ्रॉक घालून गेली. पुढच्या मेळ्याला तिला ताप होता, म्हणून मोझेल त्याच्यासोबत गेली. तोच निळा फ्रॉक घालून. त्यानंतर बर्लने वीडाला कधी विचारलं नाही. वीडानेही कुणाला काही सांगितलं नाही. तो फ्रॉक तिने मोझेलला देऊन टाकला, आणि पुढे दर शनिवारी इस्त्रीही करून दिली.

“एवढी इस्त्री कशाला केलीस गं?” मी विचारलं.

“सुरकुती राहिली असती तर लोक म्हणाले असते, वीडा जळते,” ती म्हणाली.

त्या उन्हाळ्यात तंबाखू वाळवायचं कोठार जळालं. भट्टीवर राखणीला असलेला म्हातारा एनिस टूल आतच झोपला होता. तो वाचला नाही. एनिसने या दोघींना लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवलं होतं. शेजारीपाजारी जमले, बायकांनी जेवण आणलं. तोंडी लावायला एकच विषय होता: आठवडाभरापूर्वी बाबांचं आणि बर्लचं अंगणात कडाक्याचं भांडण झालं होतं. मोझेलशी लग्नाचं त्याने विचारलं आणि बाबांनी त्याला शेतावरून हाकललं होतं.

शेरीफ स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला. वीडाने त्याला कॉफी दिली. त्याने सहज विचारलं, “मिस वीडा, काल कोठाराकडे कुणाची गाडी वगैरे दिसली का?”

मोझेल तेव्हा आत बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, आणि घरातल्या साऱ्या बायका तिच्याभोवती होत्या. कुणी पाणी देत होतं, कुणी पाठ चोळत होतं. एनिसला रोजचा डबा वीडा न्यायची. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

“बर्लचा हिरवा ट्रक,” वीडा म्हणाली. “कोठाराकडून येताना पाहिला.”

तिने काहीही पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, शेरीफ बर्लला दोन दिवस त्रास देईल, मोझेलचं लग्न पुढे ढकललं जाईल, मग आपण सांगू की नीट दिसलं नव्हतं. पण बर्लच्या ट्रकमध्ये रॉकेलचा डबा सापडला. तो त्या भागातल्या प्रत्येक ट्रकमध्ये असायचा. मोझेलने शपथेवर सांगितलं की बर्ल त्या वेळी तिच्याबरोबर ओढ्याकाठी होता. प्रेमात पडलेल्या पोरीचं कोण ऐकतं? वीडा पर्विस मात्र खोटं बोलत नाही, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं.

आणखी एक माणूस गप्प बसला. भट्टीचा बर्नर गळतो हे एनिसने बाबांना दोनदा सांगितलं होतं आणि बाबांनी ते हंगामानंतरवर ढकललं होतं. वीडा शेरीफला सांगत होती तेव्हा ते दारात उभे होते. कोठार पेटलं त्या वेळी ओढ्याकडून बर्लच्या ट्रकचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला होता, आणि तेव्हा वीडाला तसं म्हणालेही होते. त्यांनी वीडाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मरेपर्यंत बापलेकीत त्यावर एक शब्द झाला नाही. “पण त्या दिवसापासून ते संध्याकाळी मला हाक मारायला लागले,” वीडा म्हणाली. “आणि मला ती आवडायची. सांग, काय म्हणशील मला?”

मी चवळी सोलत राहिले.

बर्ल तुरुंगात गेला. मोझेल थांबली. तिला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून भेटीच्या रविवारी वीडा तिला घेऊन जायची. कोंबडी तळून, डबा भरून, वीडाच. मग तुरुंगाच्या आवारात गाडीत बसून राहायची. मोझेल आत जायची तेव्हा चेहरा सुकलेला असायचा, आणि बाहेर यायची तेव्हा असा की जणू सणाहून आली आहे.

“ताई, तो म्हणाला तुझी कोंबडी फार छान होती,” मोझेल गाडीत सांगायची. “आणि म्हणाला, ताईवर रागावू नकोस. अंधारात एका हिरव्या ट्रकसारखा दुसरा दिसतोच.”

मोझेल खरंच तसंच समजून होती. बहिणीची चूक झाली, ती प्रामाणिक होती, म्हणून सोडून दिली. वीडा मला म्हणाली, “मी त्याला गजाआड घातलं, तरी तिच्याकडे जे होतं ते माझ्याकडे आलं नाही. उलट तिचं वाढलंच. मला तर तिच्या रडण्याचाही हेवा वाटायचा. तिच्याजवळ रडायला कुणीतरी होतं.”

बर्ल सुटला, दोघांचं लग्न झालं, ओढ्यापलीकडे लहानसं घर झालं. तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. दर रविवारी आमच्या हार्मनी चर्चला यायचा आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायचा, कारण तो सभासद नव्हता. आमच्याकडे नवा माणूस ओढ्यात बुडवून, बाप्तिस्मा देऊन घेतात; त्याला साऱ्या मंडळीची संमती लागते, आणि त्याआधी त्याला उभं राहून आपल्या उघड पापाची कबुली द्यावी लागते. बर्लचं पाप तर सरकारी शिक्क्याचं. तीनदा त्याने विचारलं, तीनदा आमचे पाळक एल्डर टिलमन यांनी समजावलं, “ब्रदर बर्ल, एवढं एक वाक्य बोल. देव क्षमा करायला बसलाच आहे.”

“मी कोठार जाळलं नाही, एल्डर. जे केलं नाही त्याचा पश्चात्ताप सांगितला तर मी ओढ्यात बुडी मारताना खोटं बोलेन. मग बाहेर कोण येईल?”

तो परत मागे जाऊन बसायचा. वर्षातून एकदा पाय धुण्याचा विधी असतो. बायका बायकांचे, पुरुष पुरुषांचे पाय धुतात. मोझेल वीडाचे धुवायची, आणि बर्ल मागून बघत बसायचा. त्याचे पाय कुणी धुवायचं नाही.

मग त्याची फुफ्फुसं गेली. डॉक्टरांनी पुढचा हिवाळा धरू नका म्हणून सांगितलं. शनिवारच्या बैठकीत तो चौथ्यांदा उभा राहिला, बाकाला धरून.

एल्डरनी नेहमीप्रमाणे आधी विचारलं, “मंडळीत सगळे एकमेकांशी सलोख्याने आहेत?” सगळे होय म्हणाले. मग ते बर्लकडे वळले. “ब्रदर बर्ल, यावेळी तरी.”

“नाही, एल्डर. तेवढंच तर माझ्याकडे उरलंय.”

मोझेल त्याच्या कोपराला धरून उभी होती. क्लायटी मला कुजबुजली, “बघ कसा धरलाय. माझ्या नवऱ्याला मी असा फक्त बर्फावर धरते.”

आणि वीडा उठली. तिने एप्रन नव्हता घातला, तरी दोन्ही हात पोटावरून खाली पुसले.

“मी ट्रक पाहिला नव्हता,” ती म्हणाली.

एल्डर म्हणाले, “सिस्टर वीडा, तुमची चूक झाली असेल हे मंडळी जाणून—”

“चूक नाही, एल्डर. मी त्या वेळी डबा घासत होते. खिडकीत नव्हतेच. मोझेलला सगळं मिळत होतं म्हणून मी बोलले. बर्नर गळत होता. बाबांना माहीत होतं, मलाही. एनिसला कुणी जाळलं नाही, आणि कुणी वाचवलंही नाही.” मग ती बर्लकडे न बघता म्हणाली, “याला आत घ्या. मला बाहेर काढा.”

बर्ल हळूच बाकावर बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मोझेलचा चेहरा मात्र मी पाहिला. इतकी वर्षं त्यावर जे तेज होतं ते उतरलं. ती एवढंच म्हणाली, “ताई, तू कोंबडी तळायचीस.”

“हो,” वीडा म्हणाली.

“तू गाडीत बसायचीस, आणि मी तुला त्याचे निरोप सांगायचे.”

“हो.”

मंडळीने त्याच दुपारी बर्लला एकमताने घेतलं आणि वीडाचं सभासदत्व काढलं. दोन्ही ठरावांना मी हात वर केला. दुसऱ्यासाठी हात वर करताना फार जड गेलं. शेरीफच्या कचेरीतही वीडा सोमवारी स्वतः गेली. तिथला नवा माणूस म्हणाला, ज्यांनी तो खटला चालवला ते सगळे मेलेत, मॅम. तिने तरी लिहून घ्यायलाच लावलं.

रविवारी ओढ्यावर सगळा गाव आला. पाणी थंड होतं. एल्डरनी बर्लला पाठीखाली हात घालून बुडवलं आणि वर काढलं. खोकला थांबेना, तरी तो हसत होता. बाहेर येताच ओले कपडे लवकर बदलायला हवे होते. आमच्याकडे अशा वेळी गोधडी दोन टोकांना धरून आडोसा करतात. एक टोक मोझेलने धरलं. दुसऱ्यासाठी तिने आजूबाजूला पाहिलं. वीडा चार पावलांवर पाइनच्या झाडाखाली उभी होती, हात अर्धे पुढे आलेले. मोझेलची नजर तिच्यावरून गेली, थांबली नाही.

“क्लायटी, जरा धर गं,” मोझेल म्हणाली.

क्लायटी धावली. गोधडीमागे बर्ल काहीतरी पुटपुटला, क्लायटीने त्याला टोला दिला, आणि मोझेल हसली. बारीकसं, पण हसली.

मी वीडाजवळ गेले. ती क्लायटीच्या हातांकडे बघत होती. गोधडीचं टोक त्या हातांनी घट्ट धरलं होतं.

“नीट धरतही नाही,” वीडा म्हणाली. “खाली मातीत लोळतंय.”

मी म्हटलं, “चल घरी.”

“थांब,” ती म्हणाली. “तो कोरडा होऊ दे.”