अंकुशची लाल ओळ

अंकुश गेल्याचा फोन आला तेव्हा मी बीडच्या क्लासमध्ये, गणित न सोडवता चार पर्यायांतलं बरोबर उत्तर कसं हुडकायचं, ते पोरांना शिकवत होतो. हाच माझा धंदा. फोन त्याच्या थोरल्या भावाचा, नारायणबप्पाचा होता. "मास्तर, अंकुश गेला. सकाळी उठलाच न्हाई." मी खडू ठेवला, पोरांना सुट्टी दिली. सुट्टीच्या आनंदात ती ओरडली. त्यांचा तरी काय दोष... याला आता दीड महिना होऊन गेला.

आम्ही दोघं तलवाड्याचे, एकाच बाकावरचे. त्याचं घर मेंढपाळांचं. वडील लवकर गेले, मेंढरं बप्पाच्या गळ्यात पडली. बप्पानं स्वतः शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण धाकट्याला खांद्यावर बसवून शाळेत पोचवलं. पुढे अंकुश संगणकशास्त्रात डॉक्टर झाला आणि बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत लागला. "तू नेमकं करतोस काय बे?" मी एकदा विचारलं. म्हणाला, "बप्पा सांजच्याला मेंढरं मोजतो का? न्हाई. आकडा जुळतो, पण दुसऱ्याचं एक आत आन् आपलं एक बाहीर, हे आकड्याला कळत न्हाई. बप्पा एकेकीचं तोंड बघतो. प्रोग्राम हजार येळा चालवून बघायचा म्हंजी नुसतं मोजणं झालं. मी तोंडं बघतो." त्याच्या सगळ्या पदव्यांपेक्षा हे मला जास्त समजलं.

त्यानं अकरा वर्षं एकाच यंत्राची तोंडं बघितली. रुग्णाच्या शिरेत थेंबाथेंबानं औषध सोडणारा पंप. कुणी कधीही कोणतंही बटण दाबलं, तरी ठरवल्यापेक्षा जास्त औषध जाणार नाही, हे त्याला गणितानं सिद्ध करायचं होतं. एकेक पायरी तो संगणकाला लिहून देई आणि संगणक ती तपासे. सिद्ध न झालेली पायरी लाल दिसे. शेवटी एकच लाल ओळ उरली, ती काही हटेना. संस्थेनं प्रकल्प गुंडाळला, विद्यार्थी कंपन्यांत गेले, लग्न तर राहूनच गेलं होतं. चार वर्षांपूर्वी तो संगणक घेऊन तलवाड्याला परतला आणि मेंढरांच्या वाड्यालगतच्या खोलीत बसला. एवढं शिकून माघारी आला म्हणजे काहीतरी भानगड असणार, असं गाव म्हणे. मला गावाचा राग यायचा; खरं सांगायचं तर अंकुशचाही यायचा. "एवढी एक ओळ गृहीत धर आणि छापून टाक की," मी एकदा वैतागून म्हणालो. "तुझ्या क्लासात चालतं बे ते," तो म्हणाला, आणि दोन महिने माझ्याशी बोलला नाही.

तेराव्यानंतर त्याची जुनी विद्यार्थिनी रेवती आली. काम कुठवर आलंय ते बघू म्हणाली. तिनं संगणक उघडला, मी शेजारी बसलो. ओळ लालच होती. तिच्याखाली त्यानं मरणाच्या नऊ दिवस आधी मराठीत लिहून ठेवलं होतं, 'दावाच खोटा आहे. वीज जाऊन परत आली की पंप आधी गेलेलं औषध विसरतो आणि पहिल्यापासून मोजतो. वीज जाते, हे मी धरलंच नव्हतं.'

मी ते तीनदा वाचलं. तलवाड्याचा माणूस, आणि वीज जाते हे विसरला! संस्थेत दिवा कधी मिणमिणलाही नसेल. तिथे बसून मांडलेल्या खोट्या गोष्टीला खरं ठरवण्यात त्याचा जन्म गेला. रेवती म्हणाली, "सर, चूक सापडली, हेही कामच असतं." मग पुढे काय, मी विचारलं, तर तिनं त्याचे मेल उघडून दाखवले. पंप बनवणाऱ्या कंपनीला त्यानं कळवलं होतं. 'तो पंप आता आम्ही बनवत नाही,' एवढंच उत्तर आलं होतं. आधी बनवलेले कुठल्या खाटांशेजारी उभे आहेत, देव जाणे. सगळं नव्यानं मांडायचं तर तसा माणूस हवा, आणि तसा माणूस एकच होता...

रेवती निघून गेली. दारात बप्पा उभा होता. "मास्तर, काम पुरं झालतं ना रं त्याचं? मी रोज इचारायचो, रोज म्हणायचा, न्हाई बप्पा. शेवटच्या आठ दिसांत मातर म्हणला, झालं बप्पा, पुरं झालं. लई हसून म्हणला."

न तपासलेलं एक वाक्य जो संगणकालाही देत नव्हता, तो भावाशी खोटं बोलला होता. "झालं बप्पा," मी म्हणालो, "चोख झालं." बप्पाला वाचता येत नाही, म्हणूनच हे लिहायला धजावलो. तलवाड्यात हा लेख कुणाच्या हाती पडला, तर बप्पाला वाचून दाखवू नये, एवढी विनंती आहे.

परवा पुन्हा गेलो होतो. अंकुश असताना बप्पा त्या खोलीकडे कोकरालाही फिरकू देत नसे, वायरी चावतील म्हणून. आता दार सताड उघडं होतं आणि टेबलाखाली तीन कोकरं बसली होती. मी त्यांना हुसकायला लागलो, तर बप्पानं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे बसलेली," तो म्हणाला, "काम झालंय की आता."